टाइम भरणाऱ्या गाड्या

ती सकाळ अजून मनातून जात नाही. इगतपुरीच्या बाजूला द्रुतगती महामार्गावर असं धुकं होतं की आमच्या पोलीस जीपपुढचं दिसेना, आणि त्यात रस्ताभर झेंडू पसरला होता. नाशिकहून मुंबईला फुलं नेणाऱ्या टेम्पोला मागून कार धडकली होती. मागे फुलांवर झोपलेला टेम्पोवाल्याचा थोरला भाऊ जागीच गेला.

कार एक नर्स चालवत होती. "साहेब, टेम्पो अर्धा रस्त्यात उभा होता, दिवे बंद," एवढंच ती म्हणत राहिली. टेम्पोवाला म्हणे, "गाडी चालू होती, हिनंच उडवलं." रडणाऱ्या भावापुढे तिचं कोण ऐकणार? गुन्हा तिच्यावर दाखल झाला. तिची नोकरी जायची वेळ आली.

मग एका दुपारी आमचा क्रेनवाला चहा पिता पिता म्हणाला, "तिथं रोज सकाळी गाड्या उभ्याच असतात की साहेब. पुढे खांबावर सरासरी वेगाचा कॅमेरा आहे म्हणतात, मागच्या नाक्यापासून किती वेळात आलो ते मोजणारा."

मी साध्या कपड्यांत गेलो. खरं सांगतो, स्वप्नात असल्यासारखं वाटलं. धुक्यात कडेला गाड्यांची रांग, दिवे बंद, कुणी बोलत नाही. एक जण तंबाखू मळत होता.

"गाडी बिघडली का?"

"नाय हो. टाइम भरतोय."

म्हणजे मागून सुसाट यायचं, इथं वेळ घालवायचा आणि मग खांबाखालून जायचं, की सरासरी बरोबर येते. दिवे का बंद? तर दिव्यावरून कॅमेरा लांबूनच गाडी टिपतो म्हणे. ग्रुपवर आलं होतं. "अरे, मग हळूच का येत नाही?" असं विचारल्यावर त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि घड्याळ बघितलं.

नियंत्रण कक्षात चौकशी केली. त्या खांबावर नुसती गाड्या मोजायची पेटी होती. वेग कुणी मोजतच नव्हतं.

टेम्पोवाल्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा दिला आणि विचारलं, "टाइम भरत होतास ना?"

त्यानं कप खाली ठेवला. "दादा झोपताना बोलला होता, कुठं थांबू नको. मीच थांबलो." नवा जबाब झाला. नर्सचं म्हणणं खरं ठरलं आणि तिची नोकरी वाचली. सही करताना त्यानं विचारलं, "तिथं कॅमेरा होता ना साहेब?" मला खोटं बोलावंसं वाटलं. पण सांगितलं.

रांगेतल्यांना मी वर्दीत जाऊन समजावलं. "तुम्हाला माहीत नसेल साहेब," एक जण मलाच म्हणाला. अफवेला कुणी पुरावा मागत नाही, खुलाशाला मात्र सगळे मागतात, हे मी त्या नोकरीत फार उशिरा शिकलो.

दुसऱ्या सकाळी टेम्पोवाला आपणहून माझ्याबरोबर आला. प्रत्येक खिडकीशी वाकून तो एवढंच म्हणायचा, "माझा दादा इथंच गेला. इथं कॅमेरा नाय." एकेक गाडी दिवे लावून धुक्यात निघून गेली. रस्ता रिकामा झाला.

"चल," मी म्हटलं.

"साहेब," तो म्हणाला, "जरा थांबू द्या."