देवखोलीतली डबी

ते औषध महाग असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. महाग वस्तूसाठी माणूस दागिना मोडतो, नातेवाइकांपुढे हात पसरतो, आणि एकदाची ती वस्तू घरात येते. आमच्या मुलीला लागणारं इंजेक्शन दोन-चार कप चहाच्या भावात मिळण्यासारखं होतं. त्यात दुकानदाराला काही सुटत नव्हतं, म्हणून ते कुणी ठेवतच नव्हतं.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव केशोरीच्या अलीकडे. मुलगी सहा वर्षांची होती. बापामागे बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर गेली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तिला गांधीलमाशी डसली. अशी माशी डसल्यावर आमच्याकडे चुना लावतात आणि कामाला लागतात. तिच्या अंगावर मात्र दहा मिनिटांत गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वासाला शिट्टी वाजू लागली. नवऱ्याने तिला मोटरसायकलवर पुढे बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांजवळ नेमकी एक कुपी होती, म्हणून ती वाचली.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला समोर बसवून सांगितलं, "पुढच्या वेळी इथवर यायला वेळ मिळेलच असं नाही. ॲड्रिनॅलिन घरात ठेवा आणि टोचायला शिका." परदेशात याचं तयार पेन मिळतं, मांडीवर दाबलं की झालं, असंही ते म्हणाले. ते इकडे येत नाही, आणि मागवलंच तर माझे काही महिन्यांचे पगार त्यात जातील, आणि वर्ष-दीड वर्षात ते बाद. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे हिशेब लगेच समजला. "मंग आपली बोरू-दौतच बरी," नवरा म्हणाला. कठीण वेळी थट्टा करायची त्याची सवय मला कधीच आवडली नाही, पण त्या दिवशी मी हसले.

दौत, म्हणजे औषधाची कुपी, शोधायला मी गोंदियाला गेले. बाजारातला पहिला औषधवाला म्हणाला, "मैडम, ये आइटम चलता नहीं." दुसऱ्याने मोठ्या दवाखान्यात विचारायला सांगितलं. तिसऱ्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "पूरा डब्बा लेना पड़ेगा. एक-दो के लिए कौन मंगाएगा?" मी पूर्ण डबा घेते म्हटलं, तरी तो आणायला मला आठ दिवसांनी पुन्हा एसटीचे धक्के खात जावं लागलं. दोन कुप्या ठेवून बाकीच्या मी आमच्या डॉक्टरांना दिल्या. त्यांनी त्या इतक्या आनंदाने घेतल्या की मला त्यांचीच काळजी वाटली.

सिरिंजवर कुठपर्यंत औषध भरायचं तिथे त्यांनी निळ्या शाईची रेघ मारून दिली. सराव मी वांग्यांवर केला. महिनाभर घरात भरीत होतं, आणि प्रत्येक वांग्याला भोकं पाहून सासूबाई म्हणायच्या, "किडकं नाई, मास्तरीणबाईनं मारलेलं हाय."

आता ठेवायचं कुठे? डॉक्टरांनी अंधारी, थंड जागा सांगितली होती. फ्रिज नव्हता, आणि असता तरी भारनियमनात त्याचा उपयोग कपाटाएवढाच. सासूबाईंनी सुचवलं, "देवखोलीत ठेव. पोराटोरांचा हात लागत नाई." खरंच, मधली ती खोली उन्हाळ्यातसुद्धा गार असायची. बिस्किटाच्या पत्र्याच्या डबीत कुप्या आणि सिरिंजा घालून मी ती देवांच्या मागच्या कोनाड्यात ठेवली. याहून सुरक्षित जागा आम्हा कुणालाच सुचली नसती.

आमच्या घरी पाळीचे चार दिवस बाई देवखोलीचा उंबरा ओलांडत नसे. स्वयंपाकही नाही. मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसायचं आणि तिथेच जेवायचं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. सातवीच्या मुलींना, यात अपवित्र असं काही नसतं, हे फळ्यावर आकृती काढून सांगत होते. घरी मात्र वाद नको म्हणून चार दिवस सपरीत बसत होते. खरं सांगायचं तर तेवढीच विश्रांती मिळायची, म्हणून बंडाची मला घाईही नव्हती. डबी देवखोलीत ठेवताना महिन्यातले हे चार दिवस आमच्या दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आले नाहीत.

मुलगी आठ वर्षांची झाली. मुदत संपली म्हणून डबीतल्या कुप्या मी एकदा बदलल्याही होत्या. भाऊबीज झाली होती आणि शेजारच्या गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती. नवरा तिथला दंडारीचा खेळ बघायला सकाळीच गेला होता. मी सपरीत बसले होते. सासूबाई घरामागच्या सांदवाडीत शेंगा तोडत होत्या. मुलीला मंडईत जायची घाई. तिने दोरीवरचा दिवाळीचा फ्रॉक ओढला, घाईने डोक्यातून घातला आणि किंचाळली. बाहीत गांधीलमाशी बसलेली होती.

या वेळी दहा मिनिटंही लागली नाहीत. "आई, गळ्यात कायतरी अडकलं," एवढं ती बोलली आणि खाली बसली. मी धावले. देवखोलीच्या दारापर्यंत धावले आणि उंबऱ्याशी थांबले.

मला तिथून कोनाडा दिसत होता. डबीचं झाकण दिसत होतं. मी आत गेले नाही. मी सासूबाईंना हाक मारली. मग पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा. मी काही विचार करत होते असं म्हणणं खोटं होईल. पाय थांबले आणि तोंड हाका मारत राहिलं.

सासूबाईंचा एक गुडघा दुखरा. त्या लंगडत, ओच्यातल्या शेंगा सांडत आल्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग मला दारात उभं पाहिलं, आणि अंगणातूनच ओरडल्या, "कायले उभी रायलीस वं? पोरगी जाऊन रायली! जाय ना अंदर, देव का पळून जाऊन रायला का?"

मग मी गेले. कुपी मोडली, निळ्या रेघेपर्यंत औषध भरलं, मांडीत टोचलं. वांग्यापेक्षा मांडी मऊ होती. शेजाऱ्यांनी मंडईला निघालेली काळी-पिवळी जीप रस्त्यात थांबवली, आतले सगळे पटापट उतरले, आणि आम्ही तिघी दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलीचा श्वास सुरू होता.

डॉक्टर म्हणाले, "सुईने वाचवली. डसल्यावर किती वेळाने दिली?"

"लगेच," मी म्हणाले.

सासूबाई माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ न करता, त्या स्वतः देवखोलीत गेल्या. आंघोळीशिवाय तिथे जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. डबी बाहेर आणून त्यांनी ती कापडी पिशवीत घातली आणि पुढच्या दाराजवळच्या खुंटीला, छत्रीशेजारी टांगली. "इथंच ऱ्हाऊ दे. देवाले काई होत नाई," एवढंच म्हणाल्या. मी उंबऱ्याशी थांबल्याची गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. माझे पुढचे चार दिवस आले तेव्हा त्यांनी मला सपरीत बसू दिलं नाही. "चूल पेटव," म्हणाल्या.

त्या आता नाहीत. मुलगी नागपूरला नोकरी करते. कुप्यांसाठी तिलाही अजून दोन-तीन दुकानं पालथी घालावी लागतात, आणि कधी कधी पूर्ण डबाच घ्यावा लागतो. तिच्या पर्समध्ये एक कुपी असते, घरी एक. मैत्रिणींना ती अभिमानाने सांगते, माझ्या आईने मला एका मिनिटात सुई दिली होती. माझ्यासमोरही सांगते.

ती हे वाचेल. बाई, एक मिनिट नव्हतं. तीन हाका होत्या, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या म्हातारीला सांदवाडीतून अंगणात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ होता. तेवढा वेळ तू एकटी जमिनीवर होतीस आणि मी दारात उभी होते.