सोळावे नाव

इंगोले सरांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला वगळले त्या दिवशी. यवतमाळच्या महाविद्यालयात मी फुटबॉल बरा खेळत असे, निदान माझी तशी समजूत होती. जिल्हा मुलींच्या संघाची निवड चाचणी होती आणि वसंतराव इंगोले निवडप्रमुख होते. यादी त्यांनी स्वतः वाचली. माझे नाव तीत नव्हते. मी पिशवी उचलून निघाले, तर सरांनी हाक मारली, "बस इथं. चेंडू तुझ्या पायातून गेला की तू उभी राहतेस. मागे धावत नाहीस. म्हणून घेतलं नाही." वगळलेल्या प्रत्येक मुलीला ते असे समोर बसवून कारण सांगत. पुढच्या वर्षी मी मागे धावायला शिकले आणि संघात आले. पुढे शिक्षिका झाल्यावर संघाची सहायक म्हणून मी त्यांच्या हाताखाली अनेक वर्षे काम केले.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला "दोन गोड शब्द" लिहायला सांगितले आहे. गोड शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतले काही जण सरांच्या सत्कार समितीतही आहेत. म्हणून मी तो एक हंगाम लिहिते, ज्याचा उल्लेख या ग्रंथात दुसरे कोणी करणार नाही.

कापसाची ती वाईट वर्षे होती. आमच्या जिल्ह्याचे नाव दूरदूरच्या वर्तमानपत्रांत येई, ते केवळ मरणाच्या बातमीत. पाहुणे येत, कॅमेरे येत, गावागावांतून गाड्या फिरत. त्या हंगामात बाभुळगावकडच्या कल्पनाचे वडील गेले. त्यांनी जीव दिला होता. कल्पना आमच्या बचावफळीतली उत्तम खेळाडू. तेराव्यानंतर आठवडाभरात ती चाचणीला आली.

पंधरा नावे नक्की झाली. सोळाव्या जागेसाठी दोघी होत्या, कल्पना आणि झरी जामणीच्या जंगलातल्या गावाहून आलेली सीता टेकाम. सीताला आमच्यापैकी कोणी पूर्वी पाहिले नव्हते. तिच्या गावी सर स्वतः जाऊन आले होते. तिकडच्या मुली चाचणीपर्यंत पोचतच नाहीत, तर आपण पोचायला हवे, असे त्यांचे म्हणणे.

यादी वाचण्याआधी जिल्हा फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष सरांजवळ आले. मी शेजारीच उभी होते.

"सर, कल्पनाचं नाव टाकाच. पाहुणे येऊन राह्यले. पोरीचा फोटो पेपरात येईन, जिल्ह्याचं नाव होईन."

"तिचा उजवा गुडघा सुजला आहे," सर म्हणाले.

"अहो, खेळवा नका! बाजूले बसवा नुसती. तिच्या घरी काय झालं, माहीत हाये ना तुमाले? दया नाई का काही?"

"बाजूला बसवायला मी खेळाडू निवडत नाही. आणि संघात घेतली की ती खेळल्याशिवाय राहणार नाही. तिला मी ओळखतो."

सरांनी सोळावे नाव वाचले, सीता टेकाम. कल्पना सर्वांसमोर उभी राहिली. "मले काहून काढलं, सर?"

"त्या खांबापर्यंत धाव. वळून परत ये."

ती धावली. वळताना गुडघा मुडपला आणि ती खाली बसली. सर तिच्याजवळ गेले, मातीतच बसले आणि म्हणाले, "बेटा, हा पाय तुला जन्मभर लागणार आहे. पुढच्या वर्षी ये. जागा राखून ठेवणार नाही. तू मिळवशील." ती ढसाढसा रडली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच चर्चा. माणूस दगडाचा आहे. बाप गेलेल्या पोरीला मैदानात धावायला लावले. ज्यांनी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता, ते चहाच्या टपरीवर बचावफळी कशी असावी हे सांगू लागले. त्यातच विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटांत चेंडू सीताच्या पायाला लागून आमच्याच जाळ्यात गेला आणि आम्ही हरलो. मग तर सर्वांना हवे ते मिळाले. कल्पना असती तर जिंकलो असतो, म्हणे! जिला धड वळता येत नव्हते, ती!

सरांना पदावरून काढावे असे पत्र संघटनेने लिहिले. त्यावर सहायक म्हणून माझी सही आहे. अध्यक्ष माझ्या शाळेच्या संस्थेवरही होते, त्यामुळे नोकरीची भीती होती, हे खरे. पण ते कारण मी आज पुढे करणार नाही. सरांनी पत्र वाचले, खालच्या सह्या वाचल्या आणि मला एवढेच म्हणाले, "सीताला कोणी बोलू देऊ नका. ती पुन्हा यायला हवी."

सीता आली. कल्पनाही आली. पुढच्या हंगामात निवडप्रमुख दुसरे होते, पण त्या दोघींना वगळण्याची कोणाची हिंमत झाली नसती, अशा त्या खेळल्या. बचावात दोघी शेजारी उभ्या राहिल्या आणि विभागीय स्पर्धा आम्ही जिंकलो. सत्काराला मंडप, हार, भाषणे. अध्यक्षांनी "आमच्या दूरदृष्टीचं फळ" असे म्हटले. इंगोले सरांना आमंत्रणही नव्हते. ते मैदानाच्या तारेपलीकडे सायकल धरून उभे होते. माझ्या अंगाची आग झाली, तरी मी खुर्चीवरून उठले नाही. उठली ती सीता. हार घालून घेण्याआधीच मंचावरून उतरली, तारेखालून गेली आणि सरांच्या पाया पडली.

त्या संध्याकाळी बसस्थानकावर मी कल्पनाला विचारले, "तुझा सरांवरचा राग गेला का गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, तुमाले माहीतच नाई? दर पंधरा दिवसांनी सर मले हाडाच्या डॉक्टरकडे नेत होते. गावापासून यष्टीनं. मायले म्हणाले, पोरीले घरात कोंडू नका. व्यायाम करून घ्याले बी तेच येत. लोक माह्या घरी फोटो काढाले येत होते. सर गुडघा पाहाले येत होते."

वर्षभर हे चालले होते आणि त्याच वर्षभर आम्ही त्यांना निर्दय म्हणत होतो. त्यांनी एकदाही तोंड उघडले नाही. मला त्यांच्या त्या मौनाचाही आज राग येतो. सर, आमच्या तोंडावर सांगायला हवे होते तुम्ही!

आज कल्पना पोलीस दलात आहे. सीता आश्रमशाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. आणि ज्यांनी ते पत्र लिहिले, ते सरांना शाल पांघरणार आहेत. खुशाल पांघरावी. पण त्याआधी एकाने तरी उभे राहून म्हणावे की आम्ही चुकलो. इतर कोणी म्हणणार नसेल तर मी म्हणते. मी चुकले, सर. ती सही मी करायला नको होती.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नजर पुन्हा स्वच्छ झाली आहे आणि चाचणीच्या दिवशी ते अजूनही सकाळीच मैदानावर हजर असतात. सर, तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि तुम्ही पुष्कळ वर्षे येत राहा. कोणी खुर्ची दिली नाही तरी या. तुम्ही कडेला उभे असलात की यादी लिहिणाऱ्याचा हात चुकीच्या नावावर जरा थबकतो. या जिल्ह्यातल्या मुलींना तेवढे हवे आहे.