सोनीबाईनं माफीनामा लिहिला नाही

मोठ्या बाई बोलायच्या तेव्हा प्रत्येक शब्द धुऊन, पुसून फडताळात मांडल्यासारखा बाहेर यायचा. "बालक. हे. फूल. आहे. फुलाला. हात. लावू. नये."

वर्गातल्या नऊ बायका हे वहीत उतरवून घ्यायच्या. नववी सोनीबाई. तीही उतरवून घ्यायची आणि मनात म्हणायची, फुलाला शेंबूड येत नाही, बाई.

१९३९ साल. नंदुरबारात बालवर्गाच्या शिक्षिका तयार करायचा वर्ग निघाला होता. वर्षभर शिकायचं, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. प्रमाणपत्र असलं तरच शाळेत नेमणूक. सोनीबाई नवापूरपलीकडच्या डोंगरातली, पौलसची थोरली. मिशनच्या शाळेत सात इयत्ता शिकलेली, अख्ख्या गावात पहिली. पौलस दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि रविवारी प्रार्थना संपली की भेटेल त्याला सांगायचा, "पोरगी मास्तरीण होणार." गाव म्हणायचं, "होईल, न् पहिली छडी तुलाच मारंल."

परीक्षेचा पाठ होता त्या दिवशी बाहेरून दोन परीक्षक आले. त्यांच्या टेबलावर पांढरं टेबलपोस अंथरलं होतं. त्यावर 'सुस्वागतम्' असं रेशमानं भरलेलं. भरणारी वर्गातलीच ठकुबाई, प्रकाशा गावची विधवा, वसतिगृहात सोनीबाईच्या शेजारची खाट तिची. समोर चटईवर गावातली बारा पोरं. सोनीबाईनं लहान, मधलं, मोठं अशी तीन मडकी मांडली आणि तोंड उघडलं, तोच सलीम मणियाराच्या अनीसनं भोकाड पसरलं. तीन वर्षांचं पोर, नुकता ताप उतरलेला, आई दारातून मागं वळलेली दिसली आणि झालं.

नियम असा की रडणाऱ्या बालकाकडे लक्ष देऊ नये, ते आपोआप शांत होते. अनीसला नियम ठाऊक नव्हता. तो रडला म्हणून शेजारची रडली, ती रडली म्हणून तिचा भाऊ. मोठं मडकं कोणतं ते सांगायला चटईवर कुणी शुद्धीत उरलं नाही.

आता काय करायचं ते सोनीबाईच्या हातांना ठाऊक होतं. आठ वर्षांची असल्यापासून चार भावंडं आळीपाळीनं पाठीवर बांधून तिनं पाणी आणलं होतं, शेण गोळा केलं होतं, पाढेसुद्धा पाठ केले होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं. धडसं फडकं खोलीत एकच. तिनं दौत उचलून परीक्षकाच्या हातात दिली, "धरा जरा," म्हणाली आणि टेबलपोस ओढलं. अनीस पाठीवर, गाठ छातीवर. दोन हुंदके देऊन पोर गप्प झालं. बाकीची पोरं रडणं विसरून बघत बसली, कारण अनीसच्या बुडावर 'सुस्वागतम्' आलं होतं. सोनीबाईनं मडक्यांकडे हात केला तर तिच्या खांद्यावरून अनीसच ओरडला, "वो बडा!"

पाठ झकास झाला. सोनीबाई नापास झाली.

मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. तयार मजकुराचा कागद पुढं सरकवला. 'मी अडाणी चालीने वागले. यापुढे मुलास पाठीवर बांधणार नाही. क्षमा असावी.'

"सही. करा. प्रमाणपत्र. घ्या."

"पोर गप्प झालं ना, बाई?"

"प्रश्न. तो. नाही."

"मग कुठला?"

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "उद्या. सकाळपर्यंत."

खाटेवर ठकुबाई वाटच पाहत होती. "आते बया! मन्हं टेबलपोस मुतानं वलं कयं ते कयं, वरथून सही बी नही? लिखी दे ना वं! गावले जाईसन बांधजो बारा पोरे पाठवर, तठे कोन देखाले येस?"

"तिथं बांधायचं न् इथं लिहून द्यायचं की बांधणं वाईट?"

"लिखेल कोन वाचस?"

"मी वाचते ना," सोनीबाई म्हणाली.

सकाळच्या गाडीनं पौलस आला. लेकीला घरी न्यायला म्हणून धुतलेलं पागोटं घालून आला होता. सगळं ऐकलं आणि मटकन पायरीवर बसला. "सही कर, पोरी. मी गावभर सांगून बसलोय."

"बा, आयनं तुझी पाच पोरं पाठीवर वाढवली. तो अडाणीपणा होता, असं तू देशील लिहून?"

पौलसनं आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. "मला कुठं लिहिता येतंय?" मग घसा खाकरला. "आलं असतं तरी नसतं दिलं."

सोनीबाई उठली ती थेट मोठ्या बाईंच्या टेबलापुढं. "नापास तर नापास. पण कशापायी, ते लिहून द्या. शिक्क्यासकट."

मोठ्या बाई नियमाच्या पक्क्या. कारण मागितलं तर कारण द्यावं लागतं. मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं: 'सदर उमेदवार मूल पाठीशी बांधून शिकविते. सबब अनुत्तीर्ण.'

तो कागद घेऊन सोनीबाई डोंगरात परतली. तिथल्या पोरींना शाळा ठाऊक नव्हती असं नाही. शेजारच्या गावात एक होती. पण प्रत्येकीच्या पाठीवर धाकटं भावंड, आणि तिथला मास्तर दारातच हात आडवा करायचा, "तान्ही बाहेर!" म्हणून पोरीही बाहेर. सोनीबाईनं गावातल्या गोवालच्या गोठ्याची पडवी मागून घेतली आणि बायकांना जमवून कागद वाचून दाखवला.

त्यांतल्या गंगीबाईनं दोनदा वाचायला लावला. "म्हणजे तिकडं तुला ह्याच्यासाठी हाकललं?"

"ह्याच्याचसाठी."

"मग माझ्या दोघी घे. धाकट्यासकट घे."

भात कापणीच्या आत पडवीत एकोणीस पोरं झाली, त्यांतली सहा पाठीवरची. पगार म्हणजे नागली, कधी भात, कधी चिडकी कोंबडी. पौलसला लोक विचारायचे, "काय रे, मास्तरीण झाली का?" तो म्हणायचा, "सरकारला विचारू नका, पोरांना विचारा."

तीन वर्षांनी नंदुरबारहून पाकीट आलं. नवापूर भागात शिक्षिकेची जागा रिकामी आहे, पगार सुरू होईल, फक्त तो माफीनामा अद्याप यावयाचा आहे. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, घरात नागली तळाला लागली होती. पौलसनं लेकीकडं पाहिलं, पण 'सही कर' म्हणाला नाही. सोनीबाई गंगीबाईचं शेंडेफळ पाठीवर झुलवत होती. तशीच खाली बसली, आणि मांडीवर पाटी, पाटीवर कागद घेऊन तिनं उत्तर लिहिलं.

'माफी हवी असल्यास येऊन वर्ग बघावा आणि मग तोंडावर मागावी. वर्ग दिवस उगवल्यावर भरतो. नवापूरला गाडीतून उतरावं, पुढं चार कोस चढ आहे. बैलगाडी येत नाही.'

पौलसनं पागोटं बांधलं आणि पत्र टाकायला स्वतः नवापूरची वाट धरली.