लालबागचा थांबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. परवा एका लग्नात कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणालं, "वैनीसाठी तुम्ही किती केलंत!" आणि माझं डोकं फिरलं. काय केलं मी? विचारा तरी — काय केलं?

आमची वाडी उमरठच्या अंगाला. थोरला भाऊ मुंबईत गिरणीत. लग्नानंतर दोन वर्षं त्याची पत्रं आली, मग बंद. गाववाल्यांची खोलीही त्याने सोडलेली. घरात अंथरुणाला खिळलेली आई, मी आणि वैनी. उतारावरची नाचणी, गुरं, आईचं हगणंमुतणं — सगळं वैनी ओढायची. मी पोलादपूरला दुकानात सावलीत बसून कापड मापायचो.

शिमगा सरला आणि ती म्हणाली, "भावजी, मला म्हंबईला न्या. मी सोधते त्यांना."

आता ऐका. भाऊ कुठे आहे ते मला ठाऊक होतं! आदल्या वर्षी दुकानाचा माल आणायला गेलो, तेव्हा तो लालबागला भेटला होता — दुसरी बायको, तिच्या कडेवर पोर. "घरात बोलू नको," एवढंच म्हणाला. मी बोललो नाही. आणि वैनीला नेत नाही म्हणायचीही छाती झाली नाही. घेऊन गेलो.

पोलादपूर, महाड, पनवेल — दिवसभर यष्टी. वैनी जन्मात पहिल्यांदा गाडीत बसलेली. ओकून ओकून अर्धी झाली, पण "परत जाऊ" म्हणाली नाही.

मुंबईत दोन दिवस तिला ट्राममधून हिंडवली. दादरला चढ, परळला उतर, पुन्हा भायखळ्याची ट्राम धर. जुन्या पत्राचा कागद माझ्या हातात. तिला वाचता कुठे येत होतं? मी लोकांना मुद्दाम भलत्याच चाळीचं नाव विचारायचो. लोक माना हलवायचे. ती प्रत्येकाला हात जोडायची. प्रत्येकाला! ते हात आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्राम लालबागला थांबली. फूटपाथवर भाऊ उभा. पोर खांद्यावर, केळी घेत होता. हाक मारली असती तर वळला असता, एवढा जवळ. आणि त्याच बाजूच्या खिडकीशी वैनी.

मी म्हटलं, "वैनी, तिकडं बघा — केवढं धुराडं!"

ती वळली. बघत राहिली. "यवढा धूर ह्यांच्या छातीत जात असंल, नाय वो?"

घंटा वाजली. ट्राम निघाली.

का केलं मी असं? तिचं मन मोडू नये म्हणून? छे! कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. खोटं. साफ खोटं. तिला कळलं असतं तर ती माहेरी गेली असती. मग शेत कुणी कसलं असतं? आईचं कुणी केलं असतं? — मी? आम्हांला तिचे हात हवे होते.

पावसाआधी तिचा भाऊ आला. म्हणाला, "चल, काडीमोड करू, दुसरं घर बघतो. पंचवीसचीच हायस." चांगलं स्थळ होतं, महाडजवळचं. वैनी म्हणाली, "माणूस जित्ता असंल रे. भावजींनी जीव टाकून सोधलं, त्यांना इचार."

तो अंगणात माझ्यापुढे उभा राहिला. "खरंच पत्ता लागला नाय?"

तेव्हा तरी तोंड उघडायचं! ट्राममध्ये घाबरलो असं तरी म्हणता येईल. इथे काय होतं? मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं — "नाय."

तो एकटाच गेला.

पुढे अठरा वर्षं ती आमच्या शेतात राबली. गावभर सांगायची, असा दीर कुणाला मिळत नाही. ऐकताना मला तिचाच राग यायचा. केवढा हलकटपणा — ज्याला फसवलं त्याच्यावरच रागवायचं!

तापाने गेली. बायकांनी कपाळभर कुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं. भाग्याची म्हणाले सगळे, सवाष्ण गेली. भाऊ तेव्हा लालबागलाच होता. मी त्याला कळवलं नाही. पुढचा खांदा माझा होता.