निरोगी रक्त

चौलच्या दवाखान्यात मी हिवतापाच्या रोग्यांचं रक्त काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. विहिरीचं पाणी मचूळ. त्यात कालवलेल्या रंगाचा गाळ रक्तपेशींवर बसला की हुबेहूब हिवतापाच्या जंतूंसारखा दिसे. मला त्या गाळाची भयंकर चीड होती. त्यानं फसगत होऊ नये म्हणून डॉक्टरांचा दंडक होता, रोज एक काच निरोगी रक्ताची रंगवायची. तिच्यावरही ठिपके दिसले, तर दोष रंगाचा. ते निरोगी रक्त माझं असे.

भाद्रपदातल्या एका सकाळी माझ्या काचेवर ठिपके दिसले. मी रंगाला शिव्या घालत बाटली मोरीत ओतली. सात रोग्यांच्या काचांवरही तसेच ठिपके होते. "काही नाही, रंग नासलाय," असं सांगून मी त्यांना हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या न देताच घरी धाडलं.

दुपारी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात नवा रंग कालवला आणि माझं रक्त पुन्हा काढलं. ठिपके होतेच. सकाळी रागाच्या भरात न फिरवलेला भिंगाचा स्क्रू आता हळूहळू फिरवला. गाळ असता तर पेशीच्या वर तरंगताना दिसला असता. हे ठिपके पेशींच्या आत होते.

ते सातही जण केव्हाच वाडीतल्या आपापल्या घरी पोचले होते. मला थंडी वाजू लागली.