चोरीचा मनीप्लांट

मी सकाळी दाढी करत होतो. गालाला साबण लावलेला, आणि मोबाइल वाजायला लागला. आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर अशोकचा फोटो आला होता. घरातल्या झाडांमध्ये उभा, नेहमीसारखा एक खांदा खाली. मला वाटलं, वाढदिवस. त्या ग्रुपवर दुसरं येतं तरी काय? सुविचार नाहीतर वाढदिवस. ओल्या बोटानं मी ‘हार्दिक शु’ एवढं टाइपही केलं, आणि मग चष्मा लावून फोटोखालची ओळ वाचली… अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. पण गेल्या चार वर्षांत मी त्या घरात एकदाच गेलो होतो, आणि त्या एका खेपेनं मला आजवर स्वस्थ झोपू दिलेलं नाही. अशोकला जाऊन आता सव्वा महिना झाला. लिहून बघतो, जरा हलकं वाटलं तर.

अशोक आणि मी परळीच्या थर्मल वीज केंद्रात एकाच साली लागलो. मी फिटर, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर. तो स्टोअरमध्ये क्लार्क. ड्यूटी संपली की माझ्यासारखा माणूस आंघोळ करून पेपर तोंडावर घेऊन पडायचा. हा पठ्ठ्या ओलं फडकं घेऊन झाडांची पानं पुसत बसायचा. तीही घरातल्या झाडांची! दारात तुळस, कुंपणाला जास्वंद, एवढंच आम्हाला ठाऊक. याच्या दोन खोल्यांत फ्रीजवर वेल, टीव्हीच्या मागून वेल, कोपऱ्यात रबर प्लांट, मोरीच्या कट्ट्यावरसुद्धा काहीतरी हिरवं. फ्यूज झालेला बल्ब तो टाकायचा नाही. मागचं पितळ अलगद काढून आतलं सगळं चिमट्यानं बाहेर घ्यायचा, पाणी भरायचा, मनीप्लांटचा एक शेंडा त्यात सोडायचा आणि बल्ब तारेनं खिडकीत टांगायचा. ऊन आलं की आतल्या पांढऱ्या मुळ्या स्पष्ट दिसायच्या. परळीत राख कुणाला चुकली नाही. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोट ओढलं तर रेघ उमटते. अशोकच्या घरच्या पानावर बोट ओढलं तर बोट स्वच्छ.

“काय बे, झाडाची दाढी करतो का?” मी विचारायचो.

“तुझ्यापरीस ते गप बसतंय,” तो फडकं न थांबवता म्हणायचा.

लतावैनी, म्हणजे त्याची बायको, चहा आणता आणता भर घालायच्या. “भाऊजी, माणसाला बसायला जागा न्हाई या घरात, पण झाडाला खुर्ची हाय.” बोलायच्या अशा, पण तो ड्यूटीवर असला की पानं वैनीच पुसायच्या. हे मला लई उशिरा कळलं.

मनीप्लांट मागून आणलं तर लागत नाही, चोरूनच आणावं लागतं, असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. बाकीचे हसण्यावारी म्हणतात, अशोक ते मनापासून पाळायचा. कुणी “एक फांदी द्या की” म्हटलं की चक्क नाही म्हणायचा. मग उठायचा, कात्री स्टुलावर ठेवायचा आणि भिंतीकडं तोंड करून कॅलेंडर बघत उभा राहायचा. त्यात एवढं काय बघायचा देव जाणे! पाहुण्यानं तेवढ्यात शेंडा कापून पिशवीत घालायचा. थोड्या वेळानं अशोक खोकायचा. खोकला म्हणजे, झाली का चोरी? मग वळून साळसूद चेहऱ्यानं इकडचं तिकडचं बोलायला लागायचा. शाळेतल्या बाई, पोस्टमन, सिरसाळ्याचा एक भुसारवाला, सगळे त्याचे चोर. मी तेवढा राहिलो होतो.

“सगळी गल्ली चोर झाली, तू एकटाच साव. कवा चोरणार बे?”

“माझ्या घरात माणसं ऱ्हातात,” मी म्हणायचो. मला वाटायचं, काय विनोद केला!

माझं तोंड हे असं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आमची आई म्हणायची, दिगंबर एक दिवस या जिभेपायी मार खाईल. मार मी खाल्ला नाही, तो अशोकनं खाल्ला.

चार वर्षांपूर्वी वैनींना दम्याचा त्रास सुरू झाला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. घराची किल्ली माझ्याकडं ठेवून अशोक त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात घेऊन गेला होता. वैनींचे दोन भाऊ नेकनूरहून आले, मी कुलूप उघडून त्यांना घरात बसवलं. बहिणीच्या काळजीनं दोघांची तोंडं उतरलेली. त्यांना जरा हसवावं म्हणून मी म्हणालो, “एवढं जंगल घरात! झाडं रात्री हवा खातात म्हणे. वैनीला दम लागणार न्हाई तर काय?” मी हसलो. ते हसले नाहीत. धाकटा उठला आणि त्यानं पहिली कुंडी उचलली. तेव्हा तरी मी म्हणायला पाहिजे होतं की अरे बाबा, गंमत केली, मला यातलं काय कळतंय. नाही म्हणालो. उलट मीच दोन कुंड्या उचलून गच्चीवर नेऊन ठेवल्या. बल्बसुद्धा सोडले नाहीत. मे महिन्याचं ऊन. तीन दिवसांनी अशोक वैनींना घेऊन आला, तेव्हा गच्चीवर सगळा पाचोळा झाला होता आणि बल्बांमधलं पाणी आटलं होतं.

तो गच्चीवरून खाली आला, माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता शिव्या देणार. द्यायला पाहिजे होत्या. एवढंच म्हणाला, “इचारायचं तरी…” आणि फडकं दोरीवर वाळत घातलं. पुढच्या हिवाळ्यात घरात झाड म्हणावं असं काही नसताना वैनींना तसाच दम लागला. त्याबद्दलही तो मला एक शब्द बोलला नाही. रस्त्यात भेटला की “बरे हाव का तुमी?” विचारायचा. तीस वर्षं ‘बे’ म्हणणारा माणूस ‘तुमी’ म्हणायला लागला की काय होतं, ते ज्याला म्हटलं त्यालाच कळतं. मी कितीदा ठरवलं, जाऊन पाय धरावेत. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि दूध आणायला आल्यासारखा परत फिरायचो. मोरीच्या खिडकीतला एक बल्ब कुणाला दिसला नव्हता म्हणून वाचला, आणि त्याच्यावरून त्यानं पुन्हा सगळं घर भरत आणलं, हे मला दुसऱ्यांकडून कळत होतं.

मग त्याला पोटाचं दुखणं लागलं. दवाखान्यानं घरी पाठवलं म्हणाले, आणि ‘घरी पाठवलं’ याचा अर्थ आपल्याला कळतो. मी वैनींना फोन केला, दुपारी येतो म्हणून. रस्ताभर मनात दोनच शब्द घोकत होतो, अशोक, चुकलो. खोलीत गेलो तर तो खाटेवर, हाताच्या काड्या झालेल्या. शेजारी स्टुलावर औषधं, पाण्याचा तांब्या, कात्री. वैनी आतच होत्या, बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, तोंड बघायची इच्छा नसेल. मी बसलो. ते दोन शब्द सोडून औषधांवरची नावं वाचत राहिलो. अशोकनं खिडकीकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, “वेल लई वाढलाय.”

आणि कण्हत कण्हत कूस बदलून त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी उन्हात वाळवलेला वेल माझ्या नाकावर टिच्चून वाढलाय, हे ऐकवून त्यानं पाठ फिरवली, असंच मला वाटलं. वाटायलाच पाहिजे होतं, माझी लायकीच ती. पाच मिनिटं बसलो असेन. मग उठलो. चपला घालताना मागून त्याचा खोकला ऐकू आला. मी वळून बघितलं नाही. आठ दिवसांनी तो गेला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मागच्या आठवड्यात वैनींना भेटायला गेलो. त्या खिडकीतल्या वेलाची पानं पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, “या भाऊजी. लागला का तुमचा वेल?”

“कोणता वेल?”

“त्या दिवशी नेला त्यो.”

“मी न्हाई नेला, वैनी.”

त्या फडकं हातात घेऊन खाली बसल्या. “आवो, सकाळपासून तेच चाललं होतं त्यांचं. दिग्या येणार हाय, कात्री हितं ठेव. तू आतच ऱ्हा, तुझ्यासमोर लाजंल त्यो. कूस बदलताना केवढ्या कळा आल्या त्यांना! खोकले बी. पोटाच्या दुखण्याला खोकला कशाचा, भाऊजी?”

मी विचारलं, “मी गेल्यावर काय म्हणाला?”

“म्हणले, नेला असंल. वेल एवढा दाट, कापला का न्हाई ते मला तरी काय कळतंय? मी बी म्हणलं, नेला. बरं वाटलं त्यांना.”

म्हणजे त्याच्या लेखी आमचं मिटलं होतं. मी चोरी केली असं समजून, समाधानानं गेला माझा मित्र… आणि मी आठ दिवस त्याच्यावर मनातल्या मनात रुसून बसलो होतो. मी वैनींसमोर रडलो. साठी उलटलेला माणूस, पण रडलो.

वैनींनी कात्री आणून माझ्यापुढं धरली. “न्या की मग आता.”

“असं हातानं दिलेलं लागत न्हाई, वैनी. अन् चोरायला मालक लागतो. मालकच गेला.”

त्या एकदम चिडल्या. “मालक गेला, मालकीण हाय की! गच्चीवर वाळल्या त्या कुंड्या माझ्या बी व्हत्या, भाऊजी. मला कवा इचारलं तुमी?”

चार वर्षं मी अशोकच्या माफीसाठी झुरत होतो. या बाईची माफी मागायची आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वैनींनी कात्री स्टुलावर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पाठीकडं बघून म्हणालो, “वैनी, चुकलो.”

त्या वळल्या नाहीत.

“कापा आधी,” म्हणाल्या.