फरशीची वाकडी रेघ

चूक मिस्त्रीची नव्हती, माझी होती. हे तोंडाने कबूल करायला मला फार वेळ लागला, म्हणून इथे आधीच लिहून टाकतो.

माण गावात आमच्या घरामागे आयटीतल्या मुलांना भाड्याने द्यायला मी खोल्या बांधत होतो. एका दुपारी आभाळ भरून आलं, तेव्हा सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्री टाकून मी आणि बायको ती बांधायला लागलो. ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी आम्ही दोन बाजूंनी ताणून धरली होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. कोणीतरी खोली विचारत असेल, म्हणून मी माझं टोक सोडलं. पट्टी सटकन जाऊन तिच्या डाव्या डोळ्यावर बसली.

धावत आलेल्या शेजाऱ्यांना मी सांगितलं, पट्टी तुटली. पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं. बायकोनेही तेच खरं मानलं.

बाई म्हणाल्या, आत साचलेलं रक्त ओसरेल, पण पडद्यामागच्या थराला चीर गेली आहे. ती भरताना पुढे त्रास होऊ शकतो, तेव्हा दुखत नसलं तरी महिन्याने दाखवायला या. महिन्यात डोळा वरून अगदी स्वच्छ झाला. मी म्हटलं, फरशी होऊ दे, मग जाऊ.

फरशी झाली. नव्या खोलीच्या दारात उभी राहून बायको म्हणाली, "अवो, ही रेघ बगा की. मधीच वाकलीय."

मला काही दिसलं नाही, पण तिची नजर बारीक. मी मिस्त्रीला बोलावून गड्यांसमोर झापलं. त्याने दोरी ताणून दाखवली. फरशी सुतात होती. मग मी बायकोवर घसरलो. माझ्या बांधकामात तुला खोटच दिसते, असं काहीतरी बोललो. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत झाडताना तिने सहज उजवा डोळा झाकला, आणि चौकट धरून खालीच बसली. एकट्या डाव्या डोळ्याला सगळ्याच रेघा लाटांसारख्या दिसत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवला. पडद्यामागे जखमेच्या जागी पापुद्रा धरला होता. त्यातल्या कच्च्या रक्तवाहिन्या पाझरत होत्या आणि पडदा वर उचलला जात होता. ताडपत्रीखाली दोरी राहिली की वर फुगवटा येतो, तसंच ते दिसत होतं. डोळ्यात इंजेक्शनं देऊन पाझर थांबवायचा. पापुद्रा सुकून त्याचा वण राहील, तो नजरेच्या मध्यावर आला नाही म्हणजे झालं. इतका उशीर का केलात, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "कामं व्हती, म्याडम."

ते मला अजून टोचतं.

मग इंजेक्शनांचे महिने सुरू झाले. रेघा सरळ दिसतात का हे घरी तपासायला चौकटींचा एक कागद मिळाला होता, पण तिचा भरवसा फरशीवर. ती खोली आम्ही भाड्याने दिलीच नाही. रोज सकाळी ती एक डोळा झाकून तिथे उभी राहायची आणि मी बाहेर, आत जायची हिंमत नसल्यासारखा.

अलीकडच्या तपासणीत बाई म्हणाल्या, पाझर थांबलाय, वण कडेला राहिलाय, त्याला आता हात लावायची गरज नाही. फक्त अधूनमधून दाखवत राहा. येताना बायकोने रस्त्यात भजी घ्यायला लावली. त्यातली निम्मी मीच खाल्ली. किती दिवसांनी भूक लागली होती.

घरी आल्यावर ती तडक त्या खोलीत गेली. मीही पहिल्यांदा मागोमाग गेलो. उजवा डोळा झाकून तिने बराच वेळ पाहिलं. "कडंला जराशी लवल्यावानी हाय. बाकी सरळ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मिस्त्रीला कळवा, म्हनावं तुमची फरशी नीट झाली."

मी हसलो आणि खरंच फोन लावून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, दादा, मी तर इसारलो बी. ते सोपं गेलं. फोन ठेवला तरी ती तिथेच उभी होती, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मी फरशीवर बसलो.

"पट्टी तुटली न्हवती," मी म्हणालो. "फोनसाठी मी सोडली. आन् तू वाकडं दिसतंय म्हनलीस, तर तुलाच बोललो. माझं चुकलं."